शंभरचं ओगराळं

६ मे २०१९, सोमवार

या हातांनी केलेलं, आजपर्यंत: बिनधुराच्या चुली सत्तावीस (एक तडकली, ती माती माझी नव्हती). शाळेचं फाटक. शाळेच्या स्वयंपाकखोलीचं धुराडं. हातगाडी एक, चाकं सोडून. भात पाखडायचा पंखा, सायकलच्या चेनवर, अजून चालतो. आणि ओगराळं, शंभरचं.

ओगराळ्याबद्दल नीट लिहून ठेवतो. एका पोराचे शंभर ग्रॅम तांदूळ डाळीबरोबर शिजले की खिचडी यात बरोबर काठाला येते. वर ढीग नाही, खाली खळगा नाही. हे जमायला सहा दिवस आणि घरचे दीड किलो तांदूळ लागले. दांड्यावर पंचाने छाप: १००. शिकवलं कोणी नाही. वापीला कारखान्यात झाडू मारायचो तेव्हा दारातून बघितलं, तेवढंच.

आज गुरुजी घरी आले. सुट्टीतही शाळेत जेवण चालू ठेवायचं. दुष्काळ म्हणून सरकार पैसे देणार. तांदूळ आलाय, भाजी-सरपणाचे पैसे मागाहून. माझ्या बायकोने, सुमनने शिजवायचं, कायम तीच शिजवते. मदतनीस बाई वीटभट्टीला गेली, म्हणून वाढायला मी.

८ मे, बुध.

पहिला दिवस. पट ४६, उप. ३१. बाकीची आईबापाबरोबर भट्टीवर. गुरुजींनी तांदूळ तीन किलो शंभर मोजून दिला. उपस्थितीप्रमाणेच, तसा कागद आहे.

एकतिसावं ताट वाढलं आणि पातेलं रिकामं. सुमनला म्हटलं, बघ. ती पातेल्याकडे बघत नव्हती.

ओहोळाच्या बांधावर अकरा पोरं बसलेली. पलीकडच्या पाड्याची. ओहोळ कोरडा, चालत आली. त्यांचा पाडा डहाणू तालुक्यात, आपला तलासरीत. तलासरी दुष्काळाच्या यादीत, डहाणू नाही. यांची शाळा सुट्टीला बंद म्हणजे बंद.

सुमनने तळाची खरवड पाण्याने सोडवून त्यांना दिली. मी ओगराळं धुतलं.

९ मे, गुरु.

पुन्हा अकरा. बरोबर एक म्हातारी, नात कडेवर. ओहोळात उभी राहून गुरुजींना विचारते, "मास्तर, आमच्या काठाला दुष्काळ कधी येल?"

गुरुजी हसले, मग चष्मा पुसत बसले. तिच्या विहिरीत पाणी नाही. आपल्याही. मग फरक कुठे मोजला, कोणी मोजला, कशाने? मला माप कळतं. हे माप कळत नाही.

गुरुजींना म्हटलं, त्या अकरांची नावं लिहा. म्हणाले, परक्या तालुक्याची, लिहिता येत नाहीत. मग भट्टीवर गेलेल्यांपैकी अकरा हजर दाखवा, असं सुमन म्हणाली. गुरुजी म्हणाले, खोटी हजेरी नोकरी घेऊन जाईल. मीही म्हटलं, खोटं नको. शेवटी गुरुजी एवढंच म्हणाले, "मी वाढताना तिकडे बघत नाही. एवढं माझ्या हातात आहे."

११ मे, शनि.

सुमनने आज ओगराळं माझ्याकडून काढून घेतलं. अर्धवट भरून वाढते म्हणाली. पहिल्यांना जवळजवळ काठाला, मधल्यांना पाऊण, शेवटच्या तिघांना काही उरलं नाही. त्या तिघांत दोन आपल्या पटावरची. रडारड. मी बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं माप बरोबर आहे हो. पोरं जास्त आहेत, त्याला माप काय करील?"

तुम्ही देवाच्या नैवेद्यालाही काटा लावाल, असंही म्हणाली. ते सोडून देतो.

हिशोब: ३१०० भागिले ४२. त्र्याहत्तर पॉइंट आठ.

१४ मे, मंगळ.

दोन दिवस ठोकाठोक. महालक्ष्मीच्या जत्रेत घेतलेली परात, पोचे पडलेली, तिचा पत्रा. नवं ओगराळं चौऱ्याहत्तरचं. बाहेरून जुन्यासारखंच दिसतं, तोच घेर, तोच दांडा. तळ तेवढा वर उचललाय. मुद्दाम. पोरांना अर्धवट भरलेलं ओगराळं बघून वाईट वाटू नये.

दुपारी बेचाळीस ताटं. सगळी सारखी. पुरलं.

म्हातारीच्या नातीने ताट चाटून परत मला दाखवलं, पुसलंय बघ म्हणून. चांगलं वाटलं. लिहायला हरकत नाही.

१५ मे, बुध.

पटावरची मनीषा, चौथीतली, पहिल्या रांगेत बसते. खाऊन झाल्यावर म्हणे, "काका, ओगराळं बदललं का?"

नाही म्हटलं.

तिच्या ताटातला पाव हिस्सा ओहोळापलीकडे गेला आणि मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर? ती नऊ वर्षांची. नऊ वर्षांच्या पोरीला असलं विचारतात का. की विचारायलाच हवं होतं. तिची आईसुद्धा दुपारचं शिजवत नाही, शाळेच्या भरवशावर.

सुमन म्हणते, पोरं मोठ्यांपेक्षा जास्त देतात. असेल. पण न सांगता घेतलेलं, ते दिलेलं होतं का?

१७ मे, शुक्र.

आज घासताना दांडा उजेडात धरला. त्यावर १००.

मीच मारलेला छाप. आठवतच नाही. दांडा झाला की पंच उचलायचा, ही हाताची सवय. चौऱ्याहत्तरच्या ओगराळ्यावर शंभर, माझ्या हाताने, सरळ रेषेत.

कानस काढली. घासून टाकू, ठीक. मग काय लिहू? ७४ लिहिलं तर उद्या तपासणीला साहेब आला, विचारणार, पोरांना कमी का. गुरुजी अडकतील, अकरा पोरं पहिली उठतील. काहीच नाही लिहिलं तर ती वस्तू माझी नाही. शंभर ठेवलं तर...

सुमनला दाखवलं. ती म्हणाली, आधी हात धुवा.

पलीकडच्यांच्या जेवणाचा कागद येईल म्हणतात. गुरुजींनी तालुक्याला विचारलं, त्यांनी जिल्ह्याला विचारा म्हटलं. भाजीचे पैसेही आले नाहीत. दुधी आणि कांदा सुमनच्या बचत गटाच्या बायका घरून आणतात.

२० मे, सोम.

चारोटीहून एक शेठ आले, जीपने. बऱ्याच शाळांना जेवण शिजवून पुरवायचं कंत्राट घेतलंय म्हणाले. माझ्या चुलीचं नाव ऐकून आले. चूल बघितली, वाकून, चांगली नीट. धुराड्याला हात लावला. मनापासून स्तुती केली, हे खोटं लिहिणार नाही.

मग स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर दोन ओगराळी दिसली. दोन्ही काढली, उलटी-सुलटी केली, दोन्ही दांडे वाचले. बादलीतून जुनं भरलं, त्यातलं पाणी नव्यात ओतलं. नवं भरून वाहिलं, उरलेलं पाणी जमिनीवर. माझ्याकडे बघून हसले, जुनी ओळख असल्यासारखे.

"मिस्त्री, हात सोन्याचा छे तुमचा. बाहेरून सेम, छाप सेम. आवां, असली मला पाहिजे."

मी म्हटलं, ते वेगळ्या कारणासाठी केलंय. म्हणाले, कारण मी विचारलं का?

नाही म्हटलं. दोनदा. जीप गेली.

मग सुमनने विचारलं, "त्यांचं चोरीचं. आणि आपलं?" टोमणा नव्हता. तिलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, आपण एक दाणा घरी नेला नाही. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, मनीषाला माहीत आहे का?

कानस हातात घेऊन बसलोय. छाप अजून आहे. उद्या एकतीस आणि अकरा. शाळा उघडायला जूनची पंधरा. ओहोळात पाणी आलं की ती येणारच नाहीत, असं एक मनात येतं. तसं मनात येऊ नये.

शेठचं नाकारलेलं काम लिहून ठेवतो, पुढे कोणी वेगळं सांगायला नको: ओगराळी साठ, आत चौऱ्याहत्तर, वर शंभरचा छाप, नगाला अडीचशे रुपये. पंधरा हजार.