वाजवून पाहिलेला माल

दि. ६ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, हे आधी वाचा आणि मग पुढे. परवा आमच्या कारखान्यातल्या भट्टीत स्फोट झाला. भंगाराची टोपली आत ओतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वितळलेलं लोखंड छतापर्यंत उसळलं. भट्टीवरच्या काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. मी चष्मा पुसायला दोन पावलं मागे सरले होते, म्हणून वाचले.

भंगारात दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप होता, आत पाणी. त्याचा फाटका तुकडा नंतर भिंतीपाशी सापडला. तेवढ्या धगीत पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. साहेबांनी माल देणाऱ्या तिन्ही भंगाराच्या वखारींचे गठ्ठे बाजूला काढले. मी म्हटलं, आमचे बाबा एकेक नळकांडं हातोडीने वाजवून पाहतात, त्यांच्या मालाची हमी माझी. साहेबांनी ऐकलं. सोमवारी सकाळी तुमचेच गठ्ठे वितळवणार आहोत. भट्टीवर मी असेन.

पत्र तुमच्या ट्रकवाल्याच्या हाती देते. फोन केला की तुम्ही पत्र लिही म्हणून ठेवून देता. दोन ओळी तरी धाडा, म्हणजे धीर येईल.

तुमची,
ठमी

दि. ८ मार्च, रविवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आमचा एकही गठ्ठा भट्टीत घालू नकोस. आधी ऊठ, क्रेनवाल्याला सांगून ये, मग पुढचं वाच.

आलीस? तर तुझ्या बापाला ऐकू येत नाही. सहा महिन्यांपूर्वी उजवा कान गेला, डावाही त्याच्या मागोमाग निघालाय. फोनवर तुझा आवाज माशी गुणगुणल्यासारखा येतो, म्हणून मी हे पत्रांचं खूळ काढलं. आत्ताही फोन लावून ओरडून सांगितलं. पलीकडे कुणी होतं की नाही, तेही कळलं नाही. मग ट्रकवाल्यालाही लावायला सांगितला, लागला नाही.

वखारीची रीत तुला ठाऊक आहे. रिकामं नळकांडं हातोडी मारली की खणखणतं, भरलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं, की त्याला भोक पाडून आतलं पाणी-तेल काढायचं. चाळीस वर्षं माझे कान हेच वखारीचं यंत्र. कान गेले तरी मी हातोडी मारतच राहिलो. चारचौघांत कबूल करायची लाज वाटली. मी मान हलवली की पाइप गठ्ठ्यात जायचा. एका कामगाराने सुचवलं होतं, सरसकट भोकं पाडू. त्याला मी म्हटलं, काम नको असेल तर घरी जा.

लहानपणी तू विचारायचीस, ही घाण कशाला गोळा करता. मी सांगायचो, नव्या लोखंडासाठी डोंगर फोडायचा, ढीगभर कोळसा जाळायचा, त्यापेक्षा मोडकी खाट वितळवून शाळेचा जिना करावा. लोखंड कितीही वेळा वितळवलं तरी लोखंडच राहतं. ते आजही खरं आहे. पण वितळवणारं माणूस एकदाच मिळतं, एवढं मला कळायला हवं होतं.

ट्रक रिकामाच धाडतोय, कुठे थांबू नको म्हणून बजावलंय. हवी तेवढी रागाव, पण धडधाकट राहून रागाव.

तुझा बाप

दि. ९ मार्च

ति. बाबांस,
सा. न.

पत्र हाती आलं तेव्हा टोपली क्रेनला लागली होती. मी कशी धावले ते मला आठवत नाही. एकवीस गठ्ठे फोडले. दोन बंद पाइप निघाले. भोक पाडल्यावर एकातून तेल आलं, दुसऱ्यातून पाणी, किती तरी वेळ. पाण्याचा पाइप क्रेनला लागलेल्या त्या टोपलीतच होता.

साहेबांना सगळं सांगितलं. डोळे मिटून हमी मीच दिली होती. मग दवाखान्यात जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तुमचा भयंकर राग आलाय आणि तुमची तेवढीच काळजीही लागलीय. कानाच्या डॉक्टरकडे जा.

एक विचारते. या सहा महिन्यांत तुमचा माल आणखी कुठे कुठे गेला?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
ठमी

दि. ११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आणखी पाच भट्ट्यांवर. ज्याला घरी जा म्हटलं होतं, तोच आता प्रत्येक बंद वस्तूला भोक पाडतो. माझ्याकडे बघतही नाही. त्यानेच सगळीकडे फोन लावले. चार ठिकाणी निरोप पोचला, त्यांनी गठ्ठे बाजूला ठेवले.

पाचव्या ठिकाणी कुणी फोन उचलत नाही. शनिवारी तिकडे गेलेला माल आज दुपारी भट्टीत पडायचा आहे. तो स्वतः ट्रक घेऊन निघालाय, वेळेत पोचला तर तिथून फोन करणार आहे. त्याचं बोलणं मला ऐकू येणार नाही, म्हणून ठरलंय, माल थांबवला तर फोन दोनदा करायचा. उशीर झाला असेल तर एकदाच.

वखारीत मी एकटा आहे. घंटी झालेली कळावी म्हणून फोनवर डावा हात ठेवून बसलोय आणि उजव्याने तुला लिहितोय. त्या भट्टीवर कोण उभं असतं, मी कधी विचारलं नाही.

आत्ता फोन एकदा थरथरून थांबला. हात तसाच ठेवलाय.