मधलं नाव

आई, उद्या आमच्या विद्यापीठात नव्या मुलांचं ओरिएंटेशन आहे. ते काय असतं, असं तू विचारलं असतंस, आणि मी सांगितल्यावर म्हणाली असतीस, "म्हणजे नव्या सुनेला घर दाखवतात तसंच की!" तसंच. बारावी होऊन आलेली पोरं आणि सोबत त्यांचे आईबाप. त्यांना वर्ग दाखवायचे, लायब्ररी दाखवायची, रॅगिंग केलंत तर खबरदार म्हणून सांगायचं, खाऊ घालायचं आणि संध्याकाळी गोड बोलून परत पाठवायचं. हे लोढणं वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. बिनलग्नाची बाई, हिला घरी कोण वाट बघतंय, असा सगळ्यांचा हिशेब. आणि दर वर्षी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मंडपवाला कूलर आणतो म्हणाला आणि पंखे टाकून गेला. नाश्त्याला मिसळ ठेवली तर बाहेरगावच्या पालकांच्या डोळ्यांतून पाणी येतं, पोहे ठेवले तर नाशिकला येऊन पोहेच का म्हणून तोंडं वाकडी. रविवार असून सकाळपासून फोन खणखणतोय. आत्ता कुठे तो गप्प झाला म्हणून बसलेय. बाहेर ऊन नुसतं तापतंय आणि माझं डोकं त्याहून जास्त.

यंदा डीनसरांच्या डोक्यात नवा किडा शिरला. प्रत्येक मुलाला आईवडिलांसह स्टेजवर बोलवायचं, माईकवरून पूर्ण नाव वाचायचं, आणि मुलानं दोघांच्या पाया पडायचं. "संस्कार दिसले पाहिजेत, मॅडम." मी म्हटलं, सर, सगळ्यांचे आईवडील जोडीनं येतातच असं नाही. तर म्हणाले, "अपवाद असतातच." उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर असंच. मी अपवादाच्याच घरात वाढले हे त्यांना ठाऊक नाही. असणार कसं? माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, कसं नऊवारीसारखं चापूनचोपून. तूच नेसवलंस मला ते. नावं वाचायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

गुरुवारी एक मुलगी उद्याचा बॅज न्यायला केबिनमध्ये आली. येवल्याकडची. आई दुसऱ्याच्या हातमागावर पैठणी विणते, बाप मागाच्याच कामासाठी सुरतेला गेला तो तिकडेच राहिला, तिकडे संसारही थाटला. हे सगळं तिनं दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं, आपण एसटी उशिरा आली म्हणून सांगतो तसं. म्हणाली, "मॅडम, बॅजवर माझं मधलं नाव चुकलंय." मी बघितलं. "चुकलं नाही गं, दाखल्यावर हेच आहे." "दाखल्यावर हाय, पण ते माझं नाय. मला आईचं लावायचंय." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "राहू दे गं. नाव पूर्ण असलं की लोक विचारत नाहीत." आई, शब्द तुझा, सूर तुझा, वर मान हलवणंसुद्धा तुझंच! मी दचकले. पोरगी मात्र जागची हलली नाही. "विचारू देत की. मी काय चोरी केलीय?"

तू जिथे कामाला होतीस ते त्र्यंबकच्या गुरुजींचं स्वयंपाकघर मला लख्ख दिसलं तेव्हा. मी पाचवीत आहे. तू चुलीपाशी बसून यजमानांसाठी पोळ्या लाटते आहेस. मधल्या खिडकीतून ओसरीवरचा संकल्प ऐकू येतोय. गुरुजी विचारतात, वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं? कोण कुठचे लोक, आगगाडीनं दोन दिवस प्रवास करून आलेले, आपल्या मेलेल्यांची नावं घेतात आणि आम्ही दोघी आत पिठात. त्या दिवशी शाळेत नव्या बाईंनी पूर्ण नाव विचारलं तेव्हा मी माझ्या नावापुढे तुझं नाव लावून मोकळी झाले होते. वर्ग खदखदून हसला. कोणीतरी ते तुझ्यापर्यंत आणून पोचवलं, त्र्यंबकात काय लपतंय? तू मारलं नाहीस. लाटणं हातात तसंच धरून म्हणालीस, "पूर्ण नाव सांग." मी सांगितलं. "पुन्हा सांग." सांगितलं. "अजून एकदा." मी रडत रडत ते नाव घेत राहिले आणि तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. तुझी पोळी कधी जळत नसे. मग तू शांतपणे सांगितलंस, "नाव दाराच्या कडीसारखं असतं. आतून लावली की बाहेरच्याला काय कळतंय, आत कोण आहे नि कोण नाही." मला ते शहाणपण वाटलं आणि त्याच शहाणपणाचा रागही आला. नोकरी शोधायला म्हणून मुंबईला गेलेला आणि परत न फिरकलेला माणूस, त्याची कडी आपण का म्हणून लावायची?

तेव्हा त्या मुलीच्या "विचारू देत की"नं मला असा काही हुरूप आला म्हणून सांगू! तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि आपल्या डब्याची गोष्ट सांगितली. ती मी दर महिला दिनाला सांगते, तुला माहीत नसेल. मी कॉलेजला नाशिकला येणार म्हणून तू मला भांडी बाजारात घेऊन गेलीस, स्टीलचा डबा घेतलास. दुकानदारानं नाव कोरायचं मशीन हातात घेऊन विचारलं, नाव काय घालू? आणि जन्मभर नवऱ्याचं नाव राखलेली माझी आई म्हणाली, माझं घाला. नुसतं तिचं नाव. पुढे काही नाही. इथे मी जरा थांबते आणि टाळ्या पडतात. त्या मुलीनं टाळ्या नाही वाजवल्या, पण तिचे डोळे चमकले. मी तिथल्या तिथे बॅज बदलायला सांगितला. डीनसर म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.

आणि काल तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, तुम्ही त्या पोरीला काय सांगितलं? ती म्हनती बापाचं नाव काढनार." मी समजूत घालायला लागले, कायद्यानं आता आईचं नाव लावता येतं वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते खरं हाय. पन तिच्या वडलांचं नाव तिच्याशिवाय आता घेतंय कोन? सासूबाई होत्या, त्या गेल्या. मला तं घेता येत नाय. पोरगी कुठं नाव सांगायची तवा तेवढं कानावर पडायचं." मला रागच आला. म्हटलं, अहो, त्यांनी टाकलं ना तुम्हाला? फोनवर मागाचा खटखट आवाज चालला होता तो थांबला. मग ती म्हणाली, "त्यांनी टाकलं. म्या कुठं टाकलंय?" आणि लगेच, "नाव काढायचं आसंल तं मी नाय येनार सोमवारी. मला नाय बघवनार." थोड्या वेळानं मुलीचा फोन. "मॅडम, ते नाव वाचलं तर मी स्टेजवर चढणार नाही. आईला काय कळतंय?" घ्या! एकीचं ऐकावं तर दुसरी नाही आणि दुसरीचं ऐकावं तर पहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात पाऊल टाकणार, तेही एकमेकींशी अबोला धरून, आणि ही काडी लावली कोणी तर मी.

रात्रभर त्या बाईचं वाक्य डोक्यात होतं, आणि त्याच्यामागे तुझी जळलेली पोळी. आई, तूही माझ्या वडिलांचं नाव कधी घेतलं नाहीस. बायका घेत नाहीत, इतकंच मी समजत होते. शाळेत क्लार्कनं विचारलं, रेशन दुकानात विचारलं, दवाखान्यात विचारलं, की तू मला कोपरानं ढोसायचीस, "सांग गं." मी घडाघडा सांगायची. मला वाटायचं, आईला रीत पाळायची आहे म्हणून आपण तिचं तोंड व्हायचं. तुझे कान काय करत होते तिकडे माझं लक्षच नव्हतं. त्या दिवशी चुलीपाशी तू मला शिक्षा करत होतीस की ऐकत होतीस? पुन्हा सांग, अजून एकदा! कडीबिडी सगळं खरं असेल, पण कडी एकदाच लावतात गं.

मला हे आवडलेलं नाही, स्पष्टच सांगते. ज्या माणसानं तुला पंचवीस वर्षं परक्याच्या चुलीपुढे बसवलं त्याच्यासाठी तू कान टवकारून राहावंस, याचा मला आजही संताप येतो. त्या येवल्याच्या बाईचाही येतो. पण माझ्या संतापापायी तिनं घरी बसावं आणि पोरीनं आईशिवाय स्टेजवर उभं राहावं, हे कुठलं न्यायाचं? म्हणून आज सकाळी मी मुलीला फोन केला आणि डब्याची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी जशी घडली तशी.

तुला तर ती आठवतच असेल. दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू? तू माझ्याकडे पाहिलंस. नेहमीसारखं कोपर लागलं. मी सतरा वर्षांची, उद्यापासून कॉलेजात जाणार, डोक्यात वारं भरलेलं. मी समोरच्या पातेल्यांकडे बघत उभी राहिले. तू पुन्हा हळूच म्हणालीस, "सांग गं." मी नाही सांगितलं. दुकानदार ताटकळला, म्हणाला, बाई, गिऱ्हाईक खोळंबलंय. तेव्हा तू मान खाली घालून तुझं नाव सांगितलंस. तो म्हणाला, पुढे? तू म्हणालीस, "असू द्या एवढंच." बंड नव्हतं गं ते. तुला दुसरं काही सांगता येत नव्हतं. आणि मी त्याच्यावर इतकी वर्षं टाळ्या घेतल्या.

मुलगी घुश्शातच म्हणाली, "दोन्ही वाचा मग. पण आईचं आधी." तिच्या आईला कळवलं तर ती नुसतं "चालंल" म्हणाली आणि विचारलं, येवल्याहून पहाटेची गाडी किती वाजता नाशिकला पोचते, उशीर नको व्हायला. बॅज तिसऱ्यांदा छापायला टाकलाय, छापणाऱ्यानं मला मनात शिव्या घातल्या असतील. उद्या मी माईकवर ते वाचीन. त्या माणसाचं नाव घेताना माझा आवाज कोरडाच येईल, पण खणखणीत वाचीन. मागच्या रांगेत बसलेल्यालाही ऐकू गेलं पाहिजे.

हे लिहून झाल्यावर सवयीनं मी पाकीट काढलं. ऑफिसची सवय, कागद लिहिला की त्याला पाकीट हवं. त्यावर तुझं नाव लिहिलं आणि मधल्या नावापाशी पेन अडलं, कारण तुझ्याही मधे तेच आहे. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि सहीपुरतं लिहिते तेवढंच, तोंडानं मी ते नाव उच्चारलेलं मला आठवत नाही. पाकीट तसंच अर्धं ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेले. तुझा डबा अजून फळीवर आहे, त्यात मी रवा ठेवते. घरात कोणी नव्हतं तरी मला लाज वाटली, म्हणून आधी नळ सोडला, आणि मग तो बंद करून, ओट्यापाशी उभी राहून, मी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण. मोठ्यानं. तू म्हणायचीस तसं, अजून एकदा घेतलं.