बाटली नंबर सात

१२ नोव्हेंबर १९७८, रविवार

झाली एकदाची निवड! जिल्हा सायकल शर्यत मंडळाच्या उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक समितीचा अध्यक्ष: मी. एकमताने. म्हणजे नत्थूजी सोडून सगळ्यांच्या मताने.

नत्थूजींचं नागपूरच्या इतवारीत सायकल दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी शर्यती जिंकलेत म्हणे. ते म्हणाले, बाबाराव, समितीत एखादा डॉक्टर घ्या, आपल्याला यातलं काय समजतं? मी सांगितलं, डॉक्टरला औषध समजतं, नियम समजत नाही. बावीस वर्षं सरकारी ऑफिसात फाइली सांभाळतो आहे, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही.

घरी बायकोला, शामलाला सांगितलं. ती म्हणाली, मग आता रविवारीही घरी नसणार का? या घरात मोठी गोष्ट सांगायची सोय नाही.

१५ नोव्हेंबर

मासिकात वाचलं. यंदा फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या नंबरावरच्या गड्याने तपासणीला जाताना काखेत दुसऱ्याच्या लघवीचा फुगा लपवून नेला. वर नळीसुद्धा! पकडला गेला. लेखकाने शेवटी विचारलंय की वरच्या मंडळातल्या पुढाऱ्यांवर भरवसा ठेवायचा तरी कसा. अगदी बरोबर. खेळाडू काय, पोरंच ती. घोळ सगळा नेतृत्वाचा.

संकल्प: माझ्या समितीत वशिला चालणार नाही. सगळं गुप्त राहील. शिवाय रोज सकाळी स्वतः चार मैल सायकल.

१६ नोव्हेंबर

सायकल पंक्चर. सोमवारपासून.

२२ नोव्हेंबर

पद्धत ठरली. बाटलीवर फक्त नंबर, नाव नाही. कोणता नंबर कोणाचा, ती यादी पाकिटात, पाकिटाला लाख, पाकीट माझ्या कपाटात. लॅबवाल्यालाही कळणार नाही. शेंबडं पोरही समजेल इतकी सोपी, अन् युरोपात कुणाला सुचली असेल असं वाटत नाही. जिनिव्हाला, जागतिक मंडळाला एअर मेलने कळवली. गरज पडल्यास मार्गदर्शनाला येण्यास तयार आहे, असंही लिहिलं. शामलाने विचारलं, तिथे थंडीत तुमची कानटोपी चालेल का?

३ डिसेंबर, रविवार

सराव शर्यत, नागपूर ते उमरेड आणि परत. पहिला वसंत, आपल्या मंडळाच्या अध्यक्षांचा, भैयाजींचा मुलगा. काय उत्साह! डोळे लाल, दातावर दात, उतरल्यावरही तोंड थांबेना. नत्थूजी कानाशी येऊन म्हणाले, भैयाजींचे ट्रक आहेत, ड्रायव्हर जागं राहायला गोळ्या घेतात, पोरगाही त्याच घेतो. मी झटकून टाकलं. ज्यांनी मंडळाला बक्षिसाची ढाल दिली त्यांच्या घरात असलं काही होणार नाही.

दुसरा लहानू. उमरेडचा, विणकराचा पोरगा. बाप गेला, आई मैनाबाई अजून मागावर बसते. हा खापरखेड्याला पॉवर हाऊसच्या कॉलनीत ठेकेदाराकडे रोजीवर आहे. सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की खेळाडूंच्या जागेवर कायमची नोकरी. हा हिरा मीच शोधला. (नत्थूजी म्हणतात त्यांनी. असो.)

आज मात्र दोनदा पाणी प्यायला थांबला, दोनदा झुडपामागे गेला. नोंद करून ठेवली.

१० डिसेंबर

नोटीस लावली: दिनांक ३१ रोजी तपासणी होईल, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. एकवीस दिवस आधी, नियमाप्रमाणे. नत्थूजी हसत सुटले. म्हणाले, चोराला तारीख देऊन बसला तुम्ही. अशा माणसाला नोटिशीचं महत्त्व काय समजणार.

३१ डिसेंबर, रविवार

पुन्हा सराव, मग तपासणी. दहा बाटल्या. वसंतला चारचौघांत होत नाही, संस्कारी मुलगा, म्हणून बाटली घरी नेऊ दिली. तासाभरात नोकर घेऊन आला, वर स्वच्छ फडकं बांधून.

लहानू आज सहावा. हाडं दिसू लागलीत. नंबर सात त्याला दिला. बाटली लगेच भरून आणली आणि म्हणाला, अजून एखादी पाहिजे काय साहेब? मला ही थट्टा आवडली नाही.

३ जानेवारी १९७९

रिपोर्ट आले. नऊ बाटल्या निर्दोष. वसंतची तर अगदी आदर्श. नत्थूजींचं तोंड बंद!

नंबर सात: शुगर, पुढे अधिकची चार चिन्हं. ॲसिटोन सापडलं. ऑफिसातल्या डिक्शनरीत पाहिलं तर ॲसिटोन म्हणजे रंग उतरवायचं, नखांचं पॉलिश काढायचं द्रव्य. अरे देवा. पोरगा हे पितो? मी याला माझा म्हणत होतो.

रिपोर्टखाली लाल शाईत लिहिलंय: ‘या पेशंटला आजच पाठवा.’ पेशंट! खेळाडूला पेशंट म्हणतात. आणि हुकूम कोणाला देतात? फाइलला लावला. वर शिक्का: गोपनीय.

४ जानेवारी

कमाल झाली. लॅबचे डॉक्टर रामदासपेठेतून स्कूटरवर थेट माझ्या टेबलापाशी. नंबर सात कोण? मी म्हटलं, ते फक्त मला ठाऊक आहे आणि तसंच राहील. ते म्हणाले, हा आजार आहे. मी म्हटलं, आहेच, आणि तो सगळ्या खेळाला लागलाय. ते टेबलावर हात टेकून वाकले.

“नाव सांगू नका. फक्त त्याला माझ्याकडे पाठवा. आज.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दुसरी तपासणी करून सुटका! लहानूने कुणाला तरी मध्ये घालून वशिला लावला. नाहीतर कोणता डॉक्टर स्वतः पेट्रोल जाळून येतो? चहा मागवला, ते न पिताच गेले. जाताना म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला तिथे कुणी बसवलं? फ्रान्सच्या लोकांना जे जमलं नाही ते मी आज केलं.

५ जानेवारी

बैठक. लहानूवर दोन वर्षांची बंदी. सव्वीसची शर्यत नाही, सर्टिफिकेट नाही. रिपोर्ट मी कुणालाही दाखवला नाही. भैयाजींनी माझ्या कठोरपणाचं कौतुक केलं. नत्थूजी उठून गेले.

लहानू दारात बसला होता. ऐकून जागचा हलला नाही. म्हणाला, “साहेब, मी काही नाही खाल्लं. जेवून तर राहिलो, पण अंगाले लागूनच नाही राहिलं.” मी म्हटलं, ॲसिटोन प्यायलं की असंच होतं. त्याला शब्द कळला नाही. मला वाईट वाटलं, लिहायला हरकत नाही. पण माझा-तुझा केला तर मग मी आणि ते परदेशातले पुढारी यांत फरक काय?

नियमाप्रमाणे पालकांना पोस्टकार्ड टाकलं: आपला मुलगा नशिले द्रव्य सेवन करताना आढळला आहे.

७ जानेवारी, रविवार

मी बाहेर असताना लहानू घरी येऊन गेला. अर्धा माठ पाणी प्यायला म्हणे. शामला म्हणते, त्याच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता आणि पायरीवर बसला तो उठवेना. म्हणते, याला मधुमेह तर नाही? मी हसलो. मधुमेह कुणाला होतो? भैयाजींना होतो. पंचवीस वर्षं गादीवर बसून पेढे खावे लागतात त्याला. विणकराच्या वीस वर्षांच्या पोराला परवडणारा रोग नाही तो.

मग रिपोर्टात साखर कशी, असं तिने विचारलं. ग्लुकोजची पुडी खाल्ली असेल. रिपोर्टातलं घरी बोललो, ही चूकच झाली. तिला शपथ घातली.

क्षणभर वाटलं, पाठवावं त्याला डॉक्टरकडे, काय जातं. पण निर्णय दिल्यावर मागे फिरलो तर समितीची पत राहत नाही. सव्वीस तारीख झाली की शांतपणे बघू.

१० जानेवारी

पेपरात पत्र: ‘उत्तेजक तपासणी कोणाच्या हाती?’ खाली ‘एक जुना सायकलपटू’. ज्यांना औषध आणि विष यातला फरक कळत नाही ते अध्यक्ष कसे, वगैरे. नत्थूजींची भाषा ओळखता येते. माझं नाव बाबूराव छापलंय. उत्तर लिहायला घेतलं. तीन पानं झाली, अजून मुद्द्याला आलो नाही. कात्रण ठेवलंय. मोठ्या माणसांवर टीका होतेच.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी नत्थूजी आले. वाटलं, माफी मागायला. शामलाने तिळगूळ पुढे केला, त्यांनी हात पुढे केला नाही.

लहानू काल गेला. कॉलनीतल्या खोलीवर बेशुद्ध सापडला. नागपूरला आणेपर्यंत श्वास जोरजोरात चालू होता, मग थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, साखर; ती इतकी वाढली की ॲसिटोन अंगातच तयार होतं. आठ दिवस आधी कळतं तर इंजेक्शनवर उभा राहिला असता. नत्थूजी एवढं सांगून उभेच होते. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या कागदात काय होतं, बाबाराव?”

मी म्हटलं, गोपनीय आहे. तोंडातून तेच निघालं.

शामला आतल्या खोलीत गेली.

१५ जानेवारी

मी डॉक्टर नाही. मला कसं कळणार? समितीत डॉक्टर हवा असं तेव्हाच कुणी म्हटलं असतं तर.

म्हटलं होतं.

लॅबने स्पष्ट लिहायला हवं होतं. लाल शाईत लिहिलं होतं. नाव विचारायला माणूस आला होता. त्याला मी चहा मागवला होता.

१९ जानेवारी

रजा टाकली. अंग दुखतं. पाकीट कपाटात आहे. लाख फोडून यादी पाहिली, वाटलं, न जाणो, सात नंबर दुसऱ्याच कुणाचा असेल. सातसमोर माझ्याच वळणदार अक्षरात लहानू. अक्षर चांगलं आहे माझं, सगळे म्हणतात.

२६ जानेवारी

शर्यत झाली. वसंत पहिला. लहानूसाठी एक मिनिट सगळे उभे राहिले, घड्याळ माझ्या हातात होतं. मग भैयाजी भाषणात म्हणाले, आपल्या समितीमुळे आज मंडळाकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नाही. शाल दिली. नको म्हणता आलं असतं. घेतली. नत्थूजी आले नव्हते.

घरी शामलाने शाल ट्रंकेत टाकली, घडी न करता.

२८ जानेवारी, रविवार

उमरेडला गेलो. दोन वाक्यं पाठ केली होती: समितीला अत्यंत खेद आहे, आणि वैद्यकीय बाबी समितीच्या कक्षेबाहेर आहेत.

मैनाबाई मागाजवळ बसली होती. माग बंद. मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर लगबगीने उठली, सतरंजी टाकली, डोक्यावर पदर घेतला. साहेब एवढ्या दुरून आले, म्हणून शेजारणीला हाक मारून चहा ठेवायला लावला. मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

तिने कोनाड्यातून माझं पोस्टकार्ड काढलं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं म्हणे. कार्ड हातात धरून तिने मला विचारलं, “त्यानं काय खाल्लं होतं जी?”

मी म्हटलं, काही नाही.

तिने कार्ड पुन्हा कोनाड्यात ठेवलं. रडली नाही. आवाजही चढवला नाही.

“कार्ड आलं त्या दिशी तो घरी आला होता. आई, मी काही नाही खाल्लं, म्हणून राहिला होता. मी म्हटलं, खोटं बोलतं काय रे? एवढे मोठे साहेब लिहून राहिले, ते कायले खोटं लिहितील? मले पाणी दे म्हणे, तर मी उठली नाही. तसाच गेला. मंग पाच दिवस मी बोलली नाही त्याच्याशी.”

चहा आला. प्यालो. कप कुठे ठेवावा समजेना, हातातच धरून बसलो. निघताना तिने पाया पडायला वाकून हात पुढे केले. मी मागे सरलो, मागाच्या दोऱ्यात पाय अडकला, तर तिनेच धरलं.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. कंडक्टरने तिकीट फाडताना निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही ते सायकलवाले बाबाराव साहेब ना? पेपरात नाव येतं ते?

मी नाही म्हटलं.