पाच ते सहा

१२ नोव्हेंबर, किहीम

पाच ते सहा – कोणी आलं नाही. बूट घालून दाराशी खुर्चीत बसले होते. सहाला सुटले ती रेवसच्या धक्क्यापर्यंत आणि परत. तीस किलोमीटर. बनियनवर मीठ फुटलं, बाबांच्या मिठागरात फुटतं तसं.

१४ नोव्हेंबर

प्रशिक्षक सरांचा फोन. "विनिता, दोन तपासण्या चुकल्यात. तिसरी चुकली तर दोन वर्षं बंदी!" माहीत आहे हो! देशातल्या निवडक धावणाऱ्यांच्या यादीत नाव असलं की रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो – त्या वेळी मी कुठे सापडेन. औषधं घेऊन पळत नाही ना, हे बघायला तपासणीवाले न सांगता येतात आणि लघवीची बाटली भरून नेतात. माझा तास पहाटे पाच ते सहा. एकदा ऊन टाळायला लवकर पळायला गेले, एकदा मेली अशी झोप लागली की बेल ऐकूच आली नाही. चौतिसाव्या वर्षी दोन वर्षं बंदी म्हणजे कारभार आटोपला.

२ डिसेंबर

उद्या धाकट्या भावाची, स्वराजची हळद. आई म्हणते, "रातीला ऱ्हा गो. पत्ता आपल्या घरचा टाक." कसा टाकू? चार वर्षांपूर्वी टाकला होता की! पहाटे ती माणसं गळ्यात ओळखपत्रं घालून अंगणात उभी, आणि सगळी आळी गोळा. "शिवदासच्या पोरीनं काय केलं?" बाबा एवढंच बोलले – "आपल्या दारात कवा पोलिस आला न्हाय." पोलिस नव्हते ते! पण समजावायचं सोडून मी तणतणत निघाले आणि ही खोली घेतली. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. मीही नाही. दोघं एकाच मातीचे.

३ डिसेंबर

स्वराजला हळद लावली आणि न जेवताच शेवटची एसटी पकडली. हळदीच्या नाचाचा बेंजो-बँड नुकता सुरू झाला होता. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. चाललीस का, एवढंही विचारलं नाही.

४ डिसेंबर

कोणी आलं नाही. नखांत अजून पिवळं आहे.

२० डिसेंबर

आली! पाच वीसला बेल. तपासणीवाली सोनल मॅडम, गेल्या वेळचीच. मला लघवी होईना, म्हणून तासभर बसून राहिली. चहा नको म्हणाली, पण गप्पा मारल्या. "एकट्याच राहता?" हो म्हटलं. सणाला काय करता, जेवण कोण बनवतं, सगळं विचारलं तिने. महिन्याभरात या खोलीत आलेलं पहिलं माणूस. लाज वाटते लिहायला, पण ती गेल्यावर रडले.

१९ जानेवारी

मॅरेथॉनची शर्यत. अडतिसाव्या किलोमीटरला पोटरी धरली. लंगडत पूर्ण केली – दोन तास बावन्न मिनिटं. गेल्या वर्षी दोन एकोणचाळीस होती! बाकीच्यांची घरची माणसं टॉवेल घेऊन धावत आली. मी माझे बूट काढत बसले.

६ फेब्रुवारी

पत्र आलं. "आपले नाव यादीतून वगळण्यात आले आहे. यापुढे ठावठिकाणा कळवण्याची आवश्यकता नाही." तिसरी चूक मी होऊच दिली नाही. नुसती हळू झाले!

आता मी कुठे आहे, हे कुणालाच कळवायचं नाही.

७ फेब्रुवारी

तरी पाच ते सहा बसलेच. वेडी!

९ फेब्रुवारी, गाव

पहाटे चारला निघाले, पळतच. सव्वापाचला घरची कडी वाजवली. बाबांनी दार उघडलं. आधी माझ्या मागे बघितलं, मग अंगणात, मग रस्त्यावर.

"येकलीच?"

"व्हय, बाबा."

"मंग भायेर का उभी? आत ये."