बाबांनी धरलेली जागा

प्रिय आई,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे, पण आजचं लिहूनच सांगायला हवं. आज मी बाबांना घराबाहेर काढलं! आत्ता ते सोफ्यावर बुटांसकट झोपलेत. तू असतीस तर आधी बुटांवरून बोलली असतीस, मग बाकीचं ऐकलं असतंस.

तू गेलीस आणि बाबा घरातच बसले. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग लक्षात आलं, आई, त्यांना रस्तेच माहीत नाहीत! इतकी वर्षं लंडनमध्ये, या वेम्बलीत काढली, पण भाजीबाजाराच्या ईलिंग रोडला कुठली बस जाते ते त्यांना ठाऊक नाही. कामाचं गोडाऊन चालत जाण्याइतकं जवळ होतं, आणि बाकी सगळीकडे तू पुढे, ते पिशव्या घेऊन मागे. बसमध्ये उतरायची बेल तू वाजवणार, "अहो, उठा" तू म्हणणार. रागावू नकोस, पण एकदा तरी त्यांना बेल वाजवू द्यायची होतीस की गं!

मागच्या आठवड्यात निखिलचा नॉटिंगहॅमहून फोन आला. "ताई, बाबांना कायमचं इकडेच आण. स्पेअर रूम आहे, गार्डन आहे, ही विल बी फाइन." बाबा लगेच "बरं" म्हणाले. निखिलचं मन मोठं आहे, पण मला त्या "बरं"ची भीती वाटली. तुझं घर, तुझ्या कुंड्या, शेजारच्या काकांशी कुंपणावरून चालणाऱ्या गप्पा, हे सगळं सोडायला माणूस इतक्या पटकन तयार होतो? त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

म्हणून आज म्हटलं, "बाबा, सेंट्रल लंडनमध्ये बस आणि ट्यूब रेल्वेचं म्युझियम आहे. चला."

"बस बघायला तिकीट काढायचं? दारासमोरून जातात की!" असं म्हणाले, पण आले.

घोडे ओढायचे त्या जुन्या बसपाशी ते नुसतेच उभे राहिले. ट्यूबचा नकाशा कसा आखला गेला ते मी वाचून दाखवलं. खऱ्या वळणांच्या सरळ रेषा केल्या, स्टेशनं सारख्या अंतरावर मांडली, असं. तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "बघ! तुझी आई म्हणायचीच, हा नकाशा खोटा आहे म्हणून!"

आठवतं तुला? नकाशात बोटभर अंतर दिसतंय म्हणून तू आम्हाला पुढच्या स्टेशनपर्यंत चालत न्यायला निघालीस, आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या त्या टोकाला शेतंच संपेनात! निखिल रडायला लागला, तरी तू म्हणत होतीस, "आलंच आता." आम्ही दोघं नकाशासमोर उभं राहून हसलो, आई. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग एक जुनी लाल डबलडेकर होती, आत जाऊन बसता येणारी. बाबा जिन्याला धरून थेट वर गेले आणि पुढच्या सीटवर बसले. मी मागून पोहोचले, तर त्यांनी खिशातला रुमाल काढून शेजारच्या जागेवर पसरला होता. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तू खिडकीतून टाकायचीस ना, तस्साच. म्युझियममधल्या बसमध्ये, जी कुठेही जाणार नाही तिच्यात, त्यांनी तुझी जागा धरली होती!

मी मागच्या सीटवर बसले.

तेवढ्यात काठी टेकत एक गोऱ्या आजी वर आल्या. रुमालाकडे बघून त्यांनी विचारलं, "इज समवन सिटिंग हिअर, लव्ह?"

बाबांनी रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, "नो, नो. प्लीज."

आजी बसल्या आणि बोलू लागल्या. तरुणपणी त्या असल्याच बसने कामाला जायच्या. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "माय वाइफ वुड लाइक धिस बस. बट शी वुड कम्प्लेन अबाउट द सीट." आजी खो खो हसल्या. तुझ्याबद्दल ते कुणाशी एक शब्द बोलत नव्हते गं! माझ्याशीसुद्धा नाही. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

येताना म्हणाले, "ट्यूब नको, बसने जाऊ." बेल त्यांनीच वाजवली, एक स्टॉप आधी! खाली उतरल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाले, "चुकलं वाटतं." आम्ही चालत निघालो, ते पुढे आणि मी मागे.

कोपऱ्यावर न थांबताच म्हणाले, "निखिलला सांग, येतो म्हणावं. पण चार दिवस, पाहुणा म्हणून. मग घरी."

शुक्रवारी ते एकटे ईलिंग रोडला जाणार आहेत, मेथी आणायला. "मी येते सोबत" असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. आई, तुला शब्द देते. मी मागोमाग जाणार नाही, दर स्टॉपला फोन करणार नाही. मेथीऐवजी शेपू घेऊन आले तरी निमूट भाजी करीन. फक्त ते परत येईपर्यंत खिडकीत उभी राहीन, तेवढं मात्र चालवून घे.

तुझीच,
मधू