फुगला, कर्ता अध्याहृत

३ जानेवारी, सकाळ
फ्रिजच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, जिथे ऊब येते, तिथे गेली एकोणीस वर्षं थंडीत माझे मोजे असतात. या हक्काचा कागद नाही. पण वहिवाट म्हणूनही काही चीज असते. आज तिथे काचेची बरणी. आत करडा चिखल. मोजे खुर्चीच्या पाठीवर, गारठलेले. निषेध नोंदवला. ही म्हणाली, मोज्यांना ऊब नसली तरी चालतं, यीस्टला चालत नाही. ब्रेडचं आंबवण आहे म्हणे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने दिलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी तो हिला ब्रेड करायला शिकवणार आहे. मी एवढंच म्हटलं की यीस्टला संस्कृतात किण्व म्हणतात. कोणी विचारलं नव्हतं.

५ जानेवारी
पोट पुन्हा फुगलं. दाढेसाठी अँटिबायोटिक्स घेतल्यापासून हे चालू आहे. ऑफिसात प्रुफं बाजूला ठेवून इंटरनेटवर वाचलं. निदान पक्कं: पोटात यीस्ट माजलंय. औषधाने चांगले जंतू मरतात, मग त्याला रान मोकळं; त्यात गोड आणि मैदा मिळाला की बघायलाच नको. म्हणजे एक किण्व फ्रिजवर, दुसरं माझ्यात. पहिल्याला ही दिवसातून दोनदा पीठ भरवते. दुसऱ्याला मी उपाशी मारणार.
निश्चय: साखर बंद. मैदा बंद. ब्रेड बंद, विशेषतः त्या बेकरीचा.

६ जानेवारी
बिनसाखरेचा चहा. जीवन निःसार आहे असं ज्या कोणाला पहिल्यांदा वाटलं, त्याने आधी हा चहा घेतला असणार. अकराला ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस. केक नाकारणं असभ्य दिसलं असतं. दुसरा तुकडाही.

९ जानेवारी
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांचा वेळ वाचावा म्हणून रोगाचं नाव मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, यीस्ट थोडंफार सगळ्यांच्याच पोटात असतं. तुमचं माजलंय असं काही दिसत नाही, औषधाने पोट बिघडलंय इतकंच. साखर कमी करा, भाज्या-डाळी वाढवा, साधं दही घ्या, सावकाश जेवा, महिन्याने दाखवा. मी समूळ उच्चाटनाबद्दल विचारलं. म्हणाल्या, उच्चाटन कशाला, मर्यादेत राहिलं म्हणजे झालं. लेचीपेची भूमिका. येताना दुकानातून लसणाच्या अर्काची बाटली आणली. लेबलवर "यीस्टचा कर्दनकाळ" असं आहे. याला म्हणतात भाषा.

१३ जानेवारी, मंगळवार
बेकरीपाशी सहज थांबलो. काचेतून दिसलं. त्याचे हात कोपरापर्यंत पिठात, हिचे मनगटापर्यंत. तो हिला "ताई" म्हणतो. संशयाला जागा राहू नये म्हणूनच लोक ताई म्हणतात, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. बाहेर पाटी: "ताजि ब्रेड". पहिली वेलांटी! घरी आल्यावर हिच्या कानावर घातलं. ब्रेड ताजा असतो, एवढंच म्हणाली. तिथे मात्र हसत होती.

१५ जानेवारी
ही बरणीशी बोलते. भूक लागली का, गारठलास का, असं. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून घरात बोलणं मोजकंच उरलंय; त्यातलंही आता बरणीकडे वळलं.
दुपारी बरणीत लसणाच्या अर्काचे चार थेंब पडले. व्याकरणदृष्ट्या कर्ता: थेंब.

१७ जानेवारी
कात्री शोधताना स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये हिची निळी वही सापडली. ही सव्वीस वर्षं लॅबमध्ये होती; तारीख-वेळ घालून लिहायची सवय सुटलेली नाही. उघडली.
"१० जाने., सकाळी ७. चांगला फुगला. वास आंबट."
"११ जाने. अर्धा काढून टाकला, मग जरा हलका झाला."
वाक्यांत कर्ता नाही. अशा कर्त्याला अध्याहृत म्हणतात; तो लिहिलेला नसतो, संदर्भावरून घ्यायचा असतो. पुल्लिंगी, एकवचनी, फुगणारा. या घरात असा एकच आहे.
वही मिटून होती तशी ड्रॉवरमध्ये ठेवली. माझ्या पोटाची नोंद ही गुपचूप ठेवते आणि मी काय काय मनात आणत होतो. "वास आंबट" जरा लागलं. पण शास्त्रात हळवेपणा चालत नाही. अर्धा काढून टाकला म्हणजे माझ्या ताटातला वाटा. मला कळूही दिलं नाही. बेकरीवाल्याची कीव आली.

१९ जानेवारी
वहीत: "कालपासून मलूल. उबेत ठेवायला हवा." अगदी खरं. मलाही मलूलच वाटत होतं, वाचल्यावर जास्त. संध्याकाळी स्वेटर घालून, हिला दिसेल असा फ्रिजला टेकून उभा राहिलो. बाजूला व्हा म्हणाली, बरणी काढायची होती.
थेंब रोज दोन-दोन पडतात. बाटली तिरकी ठेवली जाते बहुधा.

२१ जानेवारी
एक निरीक्षण: ज्या दिवशी "चांगला फुगला" असं लिहिलंय, त्या दिवशी ही खुशीत होती. कारण कळत नाही, पण पत्नीच्या आनंदापुढे पथ्य ते काय. ऑफिसातून येताना ब्रेड घेतला (त्याचाच, वाटेवर पडतो) आणि उभ्या-उभ्या सहा स्लाइस खाल्ले, जॅम लावून. उत्तम फुगलो. हिच्यासमोरून दोनदा गेलो. वहीत: "आजही फुगला नाही." लॅब सोडल्यापासून हिची नजर अधू झाली आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार, सकाळी नऊ
वहीत: "आज उठलाच नाही. वास बिघडलाय. टाकून द्यावा, की दोन दिवस बघावं? बेकरीवाल्यांना विचारणे."
सहाला उठलो होतो. अंघोळही झाली होती. आणि आमच्या संसाराचा निकाल आता बेकरीवाले देणार. "वाल्यांना", आदरार्थी बहुवचन. निघालो.

त्याच दिवशी, दुपार
दोघं टेबलावर वाकून काहीतरी हुंगत होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, हे नंतर लक्षात आलं. मी म्हटलं, "मला ठेवायचं की टाकायचं, हे आता तुम्ही ठरवणार?"
बेकरीवाल्याने पुसून खुर्ची दिली, पाणी दिलं. मी निळ्या वहीचं नाव काढल्यावर हिला सगळं कळलं असावं. तिने बरणी उचलून माझ्या नाकाखाली धरली. भपकन लसूण.
"हा म्हातारा," ती म्हणाली. "यांच्याकडे आंबवणाला म्हाताराच म्हणतात. यांच्या वडिलांच्या वेळचं आहे ते. मी लिहीत होते ते याच्याबद्दल."
बेकरीवाला म्हणाला, असू द्या ताई, माझ्याकडे यातलंच आहे, थोडं देतो. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, दुपारी एक
बरणीत लसूण घातला. कर्ता: मी. सकाळी हिला तसं सांगितलं. माहीत आहे म्हणाली.
बरणी पुन्हा फ्रिजवर. मोजे कपाटात ठेवले.
वही परत चाळली, या वेळी विचारून. बावीस पानं भरली आहेत. मी एकाही पानावर नाही. अध्याहृतसुद्धा नाही. तसं हिला म्हटलं. ती पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमचं काय लिहायचं? तुम्ही रोज सांगताच की."
पोट आज बरं आहे. आपण होऊन सांगायचं नाही, ही विचारते का बघायचं, असं ठरवलं होतं. अकरालाच सांगून टाकलं. तिने दिवसभर विचारलंच नसतं तर, याची भीती वाटली.