पाण्याचा हबका

तीर्थरूप बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं (बहुतेक).

भेटायला येणाऱ्यांना तुम्ही मला ‘माशांची डॉक्टर’ म्हणता म्हणे! खरं काम वडिलांना लिहायला जरा लाजच वाटते. नर माशाचे शुक्राणू निपचित पडलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात, पण मिनिटभरातच दमतात. थोडे आधी उठले, तर बाकीचे उठेपर्यंत गळून जातात. म्हणून केसाएवढ्या बारीक नळीत आम्ही धुळीच्या कणाएवढा रोबो सोडतो आणि बाहेरून चुंबकाने फिरवतो. तो पाणी अलगद ढवळतो, ते सगळ्यांना एकाच वेळी लागतं आणि सगळे एकदम पळत सुटतात.

काल हे जमलं आणि तुम्ही आठवलात. शाळेसाठी उठवताना आम्हा दोघी बहिणींच्या तोंडावर एकदमच पाण्याचा हबका मारायचात, ‘आधी तिला उठवा’ हे भांडणच नको म्हणून.

चष्म्याची काडी बसवलीत का? ताई म्हणते, आई गेल्यापासून तुम्ही दुपारपर्यंत पांघरुणातून बाहेरच येत नाही.

रविवारी सकाळी ती तुमच्या तोंडावर पाणी मारणार आहे. तिच्यावर रागावू नका, मीच सांगितलंय. इथे तेव्हा कितीही वाजलेले असोत, मीही तोंडावर हबका मारीन. आपण एकदमच उठू.

तुमची झोपाळू,
धाकटी